इतर आजार: काही नाही

१

त्या गुरुवारी सकाळी साडेअकराला सहा नंबरच्या खुर्चीवरची बाई पुढे वाकली आणि म्हणाली, "सिस्टर, मला जरा गुदमरल्यासारखं होतंय." दहा मिनिटांत तिच्या ओठांवर गुलाबी फेस आला, नखं निळी पडली, आणि तिला खुर्चीसकट ढकलत अतिदक्षता विभागात न्यावं लागलं.

कॅन्सरचं औषध देऊन त्याच दिवशी घरी पाठवतात, अशा आमच्या खोलीत आठ खुर्च्या आहेत. मागच्या बाजूला काचेआड मी ती औषधं तयार करते. मी फार्मसिस्ट. बाटल्यांवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचायची सवय, म्हणून सगळे मला भिंगबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला माहीत आहे.

सहा नंबरची बाई शिवणकाम करायची. मानेत गाठी आल्या, तपासल्या, कॅन्सर निघाला. पण बरा होण्यासारखा. तिच्या औषधांत एक लाल रंगाचं होतं. मोठं गुणी औषध. त्याचा एकच दोष, ते हृदयाला थकवतं. धडधाकट हृदय ते सोसतं, आधीच दुबळं असलेलं कोलमडतं. म्हणून आधी हृदयाची तपासणी, म्हणजे इको, झाल्याशिवाय आम्ही त्या बाटलीला हात लावत नाही. तिचा इको झालेला होता. बाहेरच्या केंद्रातला रिपोर्ट फायलीत होता. झडपा उत्तम, पंपिंग उत्तम. आजचा डोस दुसरा होता.

दुपारी अधीक्षकांनी आम्हाला बोलावलं. मला, कॅन्सरच्या डॉक्टरांना, आणि त्या खोलीतल्या नर्सला. नर्सला आम्ही थेंबताई म्हणतो. सलाईनचे थेंब ती मनगटावरच्या घड्याळावर मोजून लावते, आणि दर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजते.

"औषध बरोबर, मात्रा बरोबर, हृदय ठणठणीत," अधीक्षक म्हणाले. "मग उरलं काय? सलाईन भरभर सोडलं असणार. फुप्फुसात पाणी उगीच भरत नाही."

"मिनिटाला सोळा थेंब होते, सर," थेंबताई म्हणाली. "माझ्या वहीत आहे."

"वही तुमचीच, अक्षर तुमचंच."

तिला घरी जायला सांगण्यात आलं. चौकशी होईपर्यंत यायचं नाही. ती उठली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"मंगळवारपर्यंत लेखी द्या," अधीक्षक मला म्हणाले. "औषधांच्या बाबतीतली चौकशी तुमच्याकडेच असते ना?"

चार वाजता हृदयाचे डॉक्टर खाली आले. बाईचा नवा इको त्यांनी स्वतः काढला होता. जीव वाचला होता, धोका टळला नव्हता. कागद माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "ही झडप आज बिघडलेली नाही. लहानपणी सांधे सुजून एक ताप येतो, तो जाताना हृदयाची झडप खराब करून जातो. त्यातलं आहे हे. चाळीस वर्षं जुनं. कप्पा बघा किती फुगलाय. महिनाभरात असं होत नाही."

"पण महिन्यापूर्वीच्या रिपोर्टात..."

"तो वाचला मी. चांगल्या हृदयाचा आहे तो." त्यांनी चष्मा काढला. "या हृदयाचा नाही."

२

शुक्रवारी सकाळी मी थेंबताईला फोन केला. तिने घरी येऊ दिलं नाही. नदीकाठच्या बागेत या म्हणाली. मी गेले तर ती डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. अंगात कामावरचे कपडे.

"घरी सांगितलं नाही अजून," ती म्हणाली. "सासूबाई विचारतात, आज उशीर नाही का झाला? मी वेळेवर निघते, इथे येऊन बसते, वेळेवर परत जाते."

तिने वही दाखवली. सोळा थेंब. पंधरा मिनिटांनी सोळा. पुन्हा सोळा. खोटी वही एका बैठकीत लिहितात, एका शाईत. हिच्या वहीत तीन वेगवेगळ्या पेनांची शाई होती, आणि एका पानावर कुणाच्या तरी ओल्या पेल्याचा गोल उमटलेला होता. मला तिचं खरं वाटायला तेवढं पुरलं. अधीक्षकांना पुरलं नसतं.

"तुम्हाला त्या बाईचं काही खटकलं होतं?" मी विचारलं.

"पहिल्या डोसनंतर ती तपासायला आली होती. त्या दिवशी लिफ्ट बंद होती, जिना चढून आली. अर्धा तास धाप जाईना. मी फायलीत लिहिलं, श्वास लागतो. डॉक्टरांनी खाली लिहिलं, रक्त कमी."

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाली, वय झालं. हसली. पण नवऱ्याकडे बघून हसली, माझ्याकडे नाही."

मी परत येऊन फाईल उघडली. पहिल्याच पानावर रुग्णाची माहिती. नवऱ्याच्या हातची, सुबक, उभी अक्षरं. *इतर आजार: काही नाही.* खाली दोघांच्या सह्या.

मग इकोचा रिपोर्ट. वरच्या कोपऱ्यात तपासणी केलेल्या व्यक्तीची उंची आणि वजन असतं. उंची एकशे एकोणसत्तर सेंटिमीटर. नाडी मिनिटाला चोपन्न.

आमच्या खोलीत औषधाची मात्रा उंची आणि वजनावरून ठरते, म्हणून आम्ही स्वतः मोजतो. आमच्या तक्त्यात बाईची उंची एकशे एक्कावन्न होती. नाडी ब्याण्णव.

कॅन्सर झाला म्हणून कुणी महिन्याभरात वीतभर बुटकं होत नाही. हे कागद शेजारी शेजारी ठेवले असते तर कुणालाही दिसलं असतं. आणि कुणाला तरी दिसलंही होतं. एकशे एकोणसत्तरच्या बाजूला कागद किंचित खरवडलेला होता. मी भिंग लावलं. पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह, मागाहून खोडलेलं.

ते प्रश्नचिन्ह कुणाचं, हे शोधायला मला भिंगाची गरज नव्हती. ते माझं होतं.

३

पहिल्या डोसच्या दिवशी माझ्यापुढे एक्केचाळीस कागद होते. उंची जुळत नाही हे दिसलं, मी खूण केली, इको केंद्राला फोन लावला. फोन लागला नाही. बाहेरून दोनदा विचारणा झाली, सहा नंबरचं औषध अजून का नाही. मी मनाशी म्हटलं, टायपायची चूक असेल. आमची उंची बरोबर आहे ना, मात्रा तर तिच्यावरूनच काढायची. खूण तशीच ठेवली असती तर कुणीतरी विचारलं असतं. म्हणून ती खोडली आणि सही केली.

आता हे मी कुणाला सांगायचं? चौकशी माझ्याकडे. साक्षीदार मी. आणि गुन्हेगारांच्या रांगेतही मीच. मी ठरवलं, आधी बाकीचं सगळं शोधू, मग बघू. आपण चुकलो की माणूस दुसऱ्यांच्या चुका फार मन लावून शोधतो.

इको केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथला तंत्रज्ञ गप्पिष्ट निघाला. नोंदवहीत गेल्या महिन्याची चार तारीख, वेळ अकरा पंचवीस.

"आठवतात त्या," तो म्हणाला. "दिवसाला वीस माणसं येतात, सगळी घाबरलेली. यांना म्हटलं, डाव्या कुशीवर वळा, तर एका झटक्यात वळल्या. नाडी चोपन्न. मी म्हटलं, बाई, तुम्ही रोज पळता की काय? तर म्हणाल्या, नाही हो, पळवते."

"पळवते?"

"हो. मला वाटलं, नवऱ्याला पळवत असतील." तो हसला. मी हसले नाही तसा गंभीर झाला. "का हो, काही झालं का?"

"ओळखपत्र बघता का तुम्ही?"

त्याने वही मिटली. "चिठ्ठीवरचं नाव बघतो. कॅन्सरची तपासणी दुसऱ्याच्या नावावर कोण करून घेईल, बाई?"

परत येऊन मी आमच्या रक्त तपासणीच्या खोलीतली यादी काढली. चार तारीख. शिवणकाम करणाऱ्या बाईचं रक्त घेतल्याची वेळ अकरा दहा. सही तिचीच होती, माहितीच्या पानावर होती तीच, वळणदार. तिथून इको केंद्रापर्यंत मला पाऊण तास लागला होता. अकरा दहाला इथे रक्त देणारी बाई अकरा पंचवीसला तिथे पोचू शकत नव्हती.

म्हणजे ती इथेच होती. आणि तिच्या नावाने तिथे कुणीतरी पडलं होतं. वीतभर उंच, मजबूत हृदयाचं, आणि लोकांना पळवणारं.

४

शनिवारी दुपारी मी अतिदक्षता विभागाबाहेर गेले. बाईचा नवरा बाकाच्या टोकाला बसला होता. शर्टाच्या खिशात टेस्टर, नखांत वंगण. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बत्तीस वर्षं तेच काम.

"ही कशी आहे म्हणाले?" त्याने मलाच विचारलं.

"आज बरी आहे. तुमच्याशी जरा बोलायचं होतं. त्यांना आधी कधी हृदयाचा त्रास?"

"नाही." उत्तर फार लवकर आलं. मग थांबून म्हणाला, "कामाची आहे हो ती. बसून शिवणकाम. जड कधी उचलू दिलं नाही मी. पाणी मीच भरतो."

"घर कितव्या मजल्यावर?"

"तळमजला. कंपनीने चौथा मजला देऊ केला होता, लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. हवा, उजेड, सगळं होतं. हा तळमजला ओलसर आहे. पण लिफ्टचा काही भरवसा नसतो. बंद पडली म्हणजे?"

मी मान डोलावली. तेवढ्यात जिन्याच्या बाजूने पावलं वाजली. चार मजले चढून एक बाई आली होती, साठीच्या आसपासची, आणि तिचा श्वास जराही वाढलेला नव्हता. पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला शिट्टी. तिथल्या कुठल्याही बाईपेक्षा ती वीतभर उंच होती.

"हिची ताई," नवरा म्हणाला. "शाळेत खेळ शिकवते. आज सामने होते ना, ताई?"

"मुलांना सोडूनच आले," ती म्हणाली. "दोन फेऱ्या पळवल्या आणि सोडून दिलं."

पळवल्या. तो शब्द मी ऐकला आणि ती मला ओळखल्यासारखी बघत राहिली. मला वाटतं माझा चेहरा मला सांभाळता आला नाही.

"ताई, जरा खाली येता?" मी म्हटलं.

माझ्या काचेमागच्या खोलीत मी तिला स्टूल दिलं. टेबलावर दोन रिपोर्ट ठेवले आणि काहीच विचारलं नाही. तिने दोन्ही वाचले. मग शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत राहिली.

"हे माझं आहे," ती पहिल्या रिपोर्टावर बोट ठेवून म्हणाली. "धाकटीला दोष देऊ नका. कल्पना माझी."

"का केलंत?"

"ती अकरा वर्षांची होती तेव्हा तो ताप आला. वर्ष वर्ष अंथरुणात. मग दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, सांगू नका, मोडेल. एक गोष्ट झाकली तर पोरीचा संसार उभा राहतो. मग मी झाकायला लागले. इंजेक्शनाच्या दिवशी तिला माझ्या घरी बोलवायचे, निमित्त काढून. तीन वर्षं. मग तीच म्हणाली, आता पुरे, रोज खोटं बोलून जीव जातो. मी पण सुटले असंच म्हटलं. तेव्हा हट्ट धरायला हवा होता."

"ते तेव्हाचं. पण आता कॅन्सरच्या डॉक्टरांपासून लपवायचं काय कारण होतं?"

"फॉर्म भरताना शेजारी नवरा बसलेला. त्याच्या हातात पेन. तेहतीस वर्षांनी त्याच्यादेखत काय सांगणार ती?" तिने डोळे पुसले नाहीत, फक्त वर केले. "आणि दुसरं म्हणजे, आम्ही रांगेत होतो तेव्हा तुमचे डॉक्टर पुढच्या माणसाच्या बायकोला सांगत होते, यांचं हृदय कमजोर आहे, हे औषध देता येणार नाही. ती बाई रडत त्याला धरून घेऊन गेली. धाकटीने माझा हात इतका दाबला, ताई, मलाही असंच घरी पाठवतील. मी म्हटलं, चिठ्ठी दे इकडे. तू रक्त देऊन ये."

मी खाली बघितलं. तो माणूस मला माहीत होता. दर तीन आठवड्यांनी त्याची बाटली मीच भरते.

"ताई," मी म्हटलं, "त्यांना घरी नाही पाठवलं. हे एक औषध नाही म्हटलं. त्याच्या जागी दुसरं सुरू केलं, हृदयाला सोसणारं. यकृत कमजोर असेल, मूत्रपिंड कमजोर असेल, तरी तसंच करतो. काही बदलतो, काही कमी करतो, जपून देतो. औषध एकच असतं हो. कुणाच्या अंगात पडतं त्यावर ते औषध राहतं की विष होतं, हे ठरतं. म्हणून तर एवढे प्रश्न विचारतो."

तिने आपला रिपोर्ट उलटा करून ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे मी हे केलं नसतं तरी..."

मी दोन्ही रिपोर्ट फायलीत ठेवले.

५

इको कुणाचा, हे सुटलं. पण माझं मन स्वस्थ होईना. पहिल्या पानावरच्या त्या ओळीशी मी पुन्हा पुन्हा येत होते. *काही नाही.* लिहिणारा नवरा होता. ताईच्या म्हणण्याप्रमाणे त्याला काही ठाऊक नव्हतं. मग माझ्या साध्या प्रश्नाला इतक्या घाईने "नाही" का म्हणाला? ज्याला खरंच ठाऊक नसतं तो आधी आठवून बघतो.

आणि ते घर. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू ठेवणारा माणूस. स्वतःची बंद पडली तर तासाभरात दुरुस्त करेल असा शहरातला हाच. त्याने ओलसर तळमजला का घ्यावा? हा माणूस लिफ्टला नाही, बायकोला चढाव्या लागणाऱ्या जिन्याला भीत होता. पाणी स्वतः भरतो. बायकोला जड उचलू देत नाही. हे सगळं लग्नाच्या तिसऱ्या वर्षापासून. इंजेक्शनं बंद झाली ते वर्षही तिसरंच.

रविवारी मी त्याला कँटीनमध्ये गाठलं. समोर चहा निवला होता.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

त्याने नाटक केलं नाही. खिशातला टेस्टर काढून टेबलावर ठेवला, जसा कुणी हत्यार ठेवतो.

"एका दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त करत होतो. तिथला कंपाउंडर ओळखीचा झाला. म्हणाला, तुमच्या मंडळी बऱ्याच दिवसांत इंजेक्शनाला आल्या नाहीत, त्यांच्या बहिणीला सांगा, झडपेचा आजार आहे, चुकवू नये. मी हो हो म्हटलं. जसं मला सगळं माहीत आहे." तो थोडा हसल्यासारखा झाला. "घरी आलो. ही शिवत होती. मला वाटलं, आपण होऊन सांगेल. आज नाही तर उद्या. मी विचारलं तर तिची मान खाली जाईल, तिच्या आईची जाईल. म्हणून थांबलो. थांबता थांबता घर बदललं, पाणी भरायला लागलो. मग इतकी वर्षं झाली की विचारणं म्हणजे माझीच चोरी पकडली जाणं."

"आणि फॉर्म?"

"इतर आजार, असं लिहिलेलं होतं. मी पेन धरून थांबलो. तिच्याकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, ती बोलली की लिहू. ती बोलली नाही. मागे रांग होती. मी लिहिलं, काही नाही."

"इकोचा रिपोर्ट आला तेव्हा?"

"वाचला मी. झडपा उत्तम. मला काय वाटलं सांगू? वाटलं, बरी झाली असेल. इतक्या वर्षांत आपोआप." त्याने चहाचा पेला सरकवला. "जुनी झडप आपोआप बरी होत नाही, बाई. मी यंत्रावर काम करणारा माणूस आहे. मला हे कळत होतं. पण तो कागद मला हवा होता."

मला त्याला काही कडक बोलायचं होतं. पण बोलणार कोणत्या तोंडाने? तो कागद मलाही हवा होता.

६

सोमवारी बाईला साध्या खोलीत हलवलं. नळ्या निघाल्या होत्या, आवाज अजून बसलेला होता. कॅन्सरचे डॉक्टर आणि मी आत गेलो. नवरा खिडकीशी, ताई दाराशी. डॉक्टर पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलंय.

"आधी माझं सांगतो," ते म्हणाले. "रिपोर्ट चांगला दिसला म्हणून मी तुमच्या छातीला ऐकायची नळी लावली नाही. लावली असती तर पहिल्या मिनिटात ऐकू आलं असतं. नर्सने श्वासाचं लिहिलं, तेही मी रक्तावर ढकललं. आणि रांगेसमोर जे अर्धवट बोललो, ते बोलायला नको होतं."

बाईने ताईकडे बघितलं. ताईने मान हलवली, सांगून झालंय अशी. तेव्हा बाईचा चेहरा इतका उतरला की मला बाहेर जावंसं वाटलं. तिने नवऱ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली. अकरा वर्षांची असताना, ताप, आई. फार तर चार वाक्यं झाली असतील.

"माहीत आहे मला," नवरा म्हणाला.

"काय?"

"सगळं. तिसऱ्या वर्षापासून."

बाईने हळूहळू चादर छातीपर्यंत ओढून घेतली, उघड्यावर पडल्यासारखी.

"मग इतकी वर्षं मी कुणापासून लपवत होते?" तिने विचारलं.

"माझ्यापासूनच. आणि मी तुझ्यापासून, की मला कळलंय."

"एकदा तरी बोलायचं होतंत."

"तू पण."

ती रडली नाही. तिने पलंगावर थोडी जागा केली आणि तो तिथे बसला, दोघंही समोरच्या भिंतीकडे तोंड करून, बसमध्ये शेजारी जागा मिळालेल्या अनोळखी माणसांसारखे. डॉक्टरांनी मला खुणेने बाहेर काढलं. जाताना ते एवढंच म्हणाले की हृदय जरा सावरलं की दुसरं औषध सुरू करू, गाठी पहिल्या डोसानेच निम्म्या झाल्यात.

मंगळवारी मी अहवाल दिला. अधीक्षकांनी उभ्या उभ्या वाचला. इकोला बहीण गेली, नवऱ्याने लपवलं, केंद्राने ओळख पटवली नाही, डॉक्टरांनी तपासलं नाही. सलाईनचा वेग योग्य होता. थोरल्या बहिणीच्या हृदयाला चालला असता, या हृदयाला नाही. ते शेवटच्या परिच्छेदावर आले तेव्हा खाली बसले.

"हे तुमचं प्रश्नचिन्ह," ते म्हणाले. "हे लिहायलाच हवं का? कुणी विचारलेलं नाही."

"नाही विचारलं."

"परिच्छेद गाळला तरी अहवाल पुरा आहे. नर्स सुटते. सगळं बसतं."

खरंच बसत होतं. मी रात्रभर त्याच परिच्छेदाशी झगडले होते, तोच आधी लिहिला होता आणि तोच दोनदा काढला होता. शुक्रवारपासून मला हे ठाऊक होतं आणि शुक्रवारपासून एक बाई डबा मांडीवर घेऊन बागेत बसत होती.

"राहू द्या," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. माझ्यावर ठपका ठेवला, तो योग्यच होता. तीन महिने माझी प्रत्येक बाटली दुसऱ्या कुणाच्या सहीशिवाय बाहेर जाणार नव्हती. आणि एक नवा नियम झाला, पहिल्या डोसआधी रुग्णाशी एकट्याशी बोलायचं, नातेवाइकांना बाहेर बसवून. ते काम मी मागून घेतलं.

बुधवारी थेंबताई कामावर आली. मी तिच्या कपाटापाशी गेले. अहवालाची प्रत तिला मिळाली होती, तिच्या हातात होती.

"वाचलंत?" मी विचारलं.

"वाचलं." तिने प्रत घडी करून कपाटात ठेवली. "बागेत भेटलात त्याच दिवशी तुम्हाला ती खूण दिसली. बरोबर ना?"

"हो."

"शुक्रवारी. आणि अहवाल मंगळवारी."

"हो."

"सोमवारी माझ्या सासूबाईंना शेजारणीकडून कळलं. त्यांनी मला काही विचारलं नाही. फक्त डबा भरून दिला नाही." तिने घड्याळ मनगटावर चढवलं, पट्टा एक भोक घट्ट केला. "तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. गाळता आलं असतं. मी तुम्हाला वाईट म्हणत नाही. पण आपण पूर्वीसारखं बोलू असं मला आत्ता वाटत नाही."

"मला समजतं," मी म्हटलं.

"समजत असेल," ती म्हणाली, आणि पहिल्या खुर्चीवरच्या माणसाकडे गेली.

मी आतल्या लहान खोलीत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा औषध घेणारा एक म्हातारा तिथे बसला होता. त्याची मुलगी बाहेर होती. मी दार लावलं, त्याच्या समोर बसले आणि फॉर्म बाजूला ठेवला.

"काका," मी म्हटलं, "काही घाई नाही. सांगायला लाज वाटते असं काही असेल तर ते आधी सांगा."

तो आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. मी थांबले. बाहेर कुणीतरी दारावर टकटक केली, औषध तयार आहे का म्हणून. मी उत्तर दिलं नाही.